बिल मागायला भीड कसली

आमच्या काउंटरवर दिवसभरात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न कुठला असेल तर तो "वहिनी, ओरिजिनल आहे ना?" कराडात आमचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं, लग्नानंतर मीही हळूहळू काउंटरवर बसायला लागले आणि आता वायर, स्विच, एमसीबी (म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा खटका), फिटिंगचं सामान यातलं बहुतेक सगळं मीच बघते. तर या प्रश्नाबद्दल मला मनापासून सांगायचंय की तो विचारून तुमच्या पदरात काहीच पडत नाही. कुठल्याही दुकानात जा, उत्तर "हो" असंच येणार. खरा माल विकणारा हो म्हणणार, डुप्लिकेट विकणारा दुप्पट ठासून हो म्हणणार, आणि ज्या दुकानदाराला स्वतःलाच पत्ता नाही की होलसेलवाल्याने आपल्या गळ्यात काय मारलंय तोही हो म्हणणार. आणि ओरिजिनलची खात्री मागणारा हाच माणूस पुढच्या वाक्यात विचारतो, "बिलाशिवाय किती पडेल?"

बिलाशिवाय म्हणजे अठरा टक्के जीएसटी वाचला असा साधा हिशोब असतो. आता हे बघा, डब्यावर जी एमआरपी छापलेली असते तिच्यात सगळे कर धरलेले असतात, त्यामुळे बिल पाहिजे म्हणून कोणी एमआरपीच्या वर जीएसटी मागत असेल तर ते सरळसरळ चूक आहे. आमच्या लाइनीत एमआरपीवर डिस्काउंट चालतो, त्यामुळे बिल-बिनबिलाचे दोन भाव सांगितले जातात हे मला माहितीये, पण बिल सोडलं की तुम्ही फक्त कर सोडत नाही, त्या वस्तूचा मागच सोडून देता. उद्या ती जळली, फुटली, खोटी निघाली, तर ती त्याच दुकानातून घेतली होती हेसुद्धा तुम्हाला दाखवता येत नाही. शिवाय बिलाशिवायचा माल ज्या वाटेने बाजारात येतो ना, डुप्लिकेट माल त्याच वाटेने येतो, कारण खोट्या मालाला खरेदीचं बिलच नसतं, आणि ज्याच्याकडे खरेदीचं बिल नाही तो विक्रीचं पक्कं बिल देताना दहा वेळा विचार करतो. म्हणून मी ओळखीच्या सगळ्यांना सांगते, विचारायचंच असेल तर एवढंच विचारा की पक्कं बिल मिळेल ना, आणि त्यावर कंपनीचं नाव, मॉडेल आणि असेल तिथे बॅच किंवा सिरीयल नंबर टाकाल ना. समोरचा काय बोलतो त्यापेक्षा किती पटकन बोलतो ते बघा.

खरं सांगायचं तर माणसं पैशापेक्षा भिडेपायी अडतात. दुकान ओळखीचं, वर्षानुवर्षांचे संबंध, लग्नकार्यात जाणं-येणं, मग बिल कसं मागायचं, त्यांच्यासमोर मोबाईल काढून नंबर कसा तपासायचा, त्यांना काय वाटेल. भीड भिकेची बहीण असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. मी काउंटरच्या या बाजूने सांगते, नीट धंदा करणाऱ्या दुकानदाराला याचा अजिबात राग येत नाही, उलट बरंच वाटतं, कारण तसाच दिसणारा डबा दुसरीकडे शंभर रुपयांनी स्वस्त का मिळतो हे गिऱ्हाईकाला समजावून समजावून आमचा घसा कोरडा पडतो आणि तरी दहातले चार जण तिकडेच जातात.

मागच्या थंडीत एक निवृत्त शिक्षक आले, आमच्या घरात सगळे त्यांना सरच म्हणतात, माझ्या नवऱ्यालाही त्यांनी शिकवलंय. त्यांना बाथरूमच्या गिझरचं सॉकेट पाहिजे होतं, आधीचं काळं पडून वितळल्यासारखं झालं होतं. मी सॉकेट काढून देतच होते, तेवढ्यात सासरे, म्हणजे अण्णा, आतून म्हणाले, "सर, सॉकेट जळेपर्यंत एमसीबी पडला कसा नाही?" सर खुशीत म्हणाले, "अहो तो फार भारी निघाला! आधीचा सारखा पडायचा, गिझर लावला की पडला, वॉशिंग मशीन लावलं की पडला, वैताग आणला होता. हा नवीन बसवल्यापासून एकदाही पडला नाही बघा." अण्णांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "सर, आज जेवायच्या आधी वायरमनला बोलवा, तो एमसीबी काढून घ्या आणि माझ्याकडे आणा. तोपर्यंत गिझर लावू नका."

संध्याकाळी सर तो घेऊन आले. अण्णांनी काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं, दुकानातला त्याच कंपनीचा, आधीच वापरात गेलेला एक जुना एमसीबी शेजारी ठेवला आणि दोन्हीचे रिव्हेट ड्रिलने काढले. बाहेरून दोन्ही अगदी सारखे, तोच रंग, तीच अक्षरं, तोच खटका. उघडल्यावर मात्र शाळेतल्या मुलालाही फरक कळावा. खऱ्यात एक बायमेटलची पट्टी असते, दोन वेगवेगळ्या धातूंची जोडलेली, लोड जास्त झाला की ती तापते, वाकते आणि खटका पाडते. दुसरी एक तांब्याची जाड कॉईल असते, शॉर्ट सर्किट झालं की ती क्षणात चुंबकासारखी ओढते. आणि कोपऱ्यात पातळ पत्र्यांची एक गड्डी असते, खटका पडताना आत जी ठिणगी उडते ती त्या पत्र्यांमध्ये तुकडे होऊन विझावी म्हणून. सरांच्या एमसीबीत पट्टी होती पण साधीच, एकाच धातूची, ती तापली तरी वाकणार कुठे? कॉईलला मोजके वेढे होते आणि पत्र्यांच्या गड्डीच्या जागेवर काहीच नव्हतं, नुसती पोकळी. म्हणजे घरात एमसीबी नव्हताच, एमसीबीच्या आकाराचा एक स्विच होता. सोळा अँपिअरच्या एमसीबीतून तेवीस-चोवीस अँपिअर सतत जात राहिले तर तासाभराच्या आत तो पडायलाच हवा, तसं स्टँडर्डच आहे. सरांच्या घरात गिझर, वॉशिंग मशीन आणि कधी इस्त्री असं सगळं एकाच लाइनवर होतं. जुना एमसीबी बरोबर पडत होता, तो सांगत होता की लाइन वेगळी करा. नव्याने तोंड बंद ठेवलं आणि वायर भिंतीच्या आत तापत राहिली.

सर बराच वेळ त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बोट लावून बघत होते. मग म्हणाले, "पण यावर आयएसआयचा शिक्का आहे की हो!"

इथेच बहुतेकांचं चुकतं, आणि ते साहजिक आहे कारण आपल्याला लहानपणापासून शिक्का बघा असंच सांगितलंय. शिक्का कोणीही छापतो. ज्याला कंपनीचं अख्खं खोकं हुबेहूब छापता येतं त्याला एक छोटा शिक्का छापायला काय लागतं? बघायचा असतो तो शिक्क्याच्या खालचा नंबर. आयएसआयच्या चिन्हावर वरच्या बाजूला आयएस नंबर असतो, म्हणजे कुठल्या स्टँडर्डप्रमाणे बनवलंय तो, आणि खाली सीएम/एल लिहून सात ते दहा आकडी लायसन्स नंबर असतो. हा नंबर कारखान्याला मिळतो. बीआयएस, म्हणजे हा शिक्का देणारा भारतीय मानक ब्युरो, त्यांचं बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, फुकट आहे, त्यात हा नंबर टाकला की लायसन्स कोणाच्या नावावर आहे, पत्ता काय, कुठल्या वस्तूसाठी आहे आणि ते चालू आहे की संपलंय, सगळं दिसतं. तिथल्या तिथे सरांच्या एमसीबीवरचा नंबर टाकून बघितला तर दुसऱ्याच वस्तूचं, दुसऱ्याच राज्यातल्या कोणाचं तरी लायसन्स समोर आलं. नंबर खरा होता, फक्त या वस्तूचा नव्हता. त्यामुळे ॲपवर काहीतरी हिरवं दिसलं म्हणून समाधान मानू नका, नाव-पत्ता आणि वस्तू डब्यावर छापलेल्याशी जुळते का ते वाचा. हे वाचायला अर्धा मिनिट लागतो आणि खोट्या मालातला बराचसा माल तिथेच उघडा पडतो.

वायरच्या बाबतीत आमच्याकडे याहून जास्त फसवणूक चालते, कारण वायर एकदा भिंतीत गेली की कोणी बघत नाही. नवीन घराचं फिटिंग निघालं की दीडची, अडीचची (म्हणजे आतल्या तारेची जाडी, चौरस मिलिमीटरमध्ये) अशी बंडलं लागतात, एका बंडलात नव्वद मीटर. डुप्लिकेटमध्ये कधी मीटर कमी भरतं, कधी अडीच म्हणून दिलेली वायर आतून दोनच्याही खाली असते, आणि अलीकडे तर वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार सर्रास येते. ओळखायला काही लागत नाही, टोक सोलायचं आणि ब्लेडने तार खरवडायची, तांबडं जाऊन पांढरं दिसलं की बंडल परत. वजनही हलकं लागतं. पण खरवडून बघणार कोण, कारण बहुतेक घरमालक सामान आणायचं काम वायरमनवर सोडतात, वायरमनला कुठल्या दुकानातून किती कमिशन मिळतं त्यावर दुकान ठरतं, आणि ज्या मालात दुकानदाराचं मार्जिन जास्त त्यातच कमिशन जास्त असतं. मी वायरमन लोकांना दोष देत नाही, त्यांच्यातले कित्येक जण स्वतः येऊन सांगतात की वहिनी हा माल ठेवू नका, हातात धरल्यावर कळतं. पण सामान घ्यायला घरातलं एक माणूस बरोबर गेलं पाहिजे, बिल घरमालकाच्या नावाने झालं पाहिजे, आणि एक वितभर तुकडा तिथेच सोलून बघितला पाहिजे. तीस-चाळीस लाखांचं घर बांधतो आपण, वायरीसाठी एक दुपार काढायला काय हरकत आहे?

एक गोष्ट मला फार लागते. फर्स्ट कॉपी म्हणून जे शूज, घड्याळं, गॉगल विकले जातात, ते घेणाऱ्याला माहीत असतं की हे खोटं आहे. मी ते घेत नाही, मला ते पटतही नाही, कारण त्याच पैशावर पुढचा धंदा चालतो. तरी तिथे घेणारा फसवला गेलेला नसतो. पण हेल्मेट, औषध, गॅसची नळी, चार्जर, ब्रेकची पॅड, एमसीबी, या वस्तूंचं असं आहे की त्या रोज काही करून दाखवत नाहीत. त्यांची परीक्षा एकदाच होते, आणि त्या दिवशी त्या नापास झाल्या तर फेरपरीक्षा नसते. म्हणून घरातल्या सगळ्याच खरेदीला भिंग लावत बसू नका, जमणारही नाही, पण या यादीतल्या वस्तूंना मात्र सोडू नका.

हेल्मेटचंच घ्या. हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेली हेल्मेट आपण सगळ्यांनी बघितलीत, पोलीस पुढे उभे आहेत असं कळलं की तिथे गर्दी होते. दंड वाचवायला घेतलेलं हेल्मेट दंडच वाचवतं. हेल्मेटमध्ये डोकं वाचवतो तो आतला घट्ट थर्माकोलचा थर, आपटल्यावर तो दबतो, चुरतो आणि धक्का स्वतःवर घेतो, वरचं कवच तो धक्का पसरवतं. रस्त्यावरच्या हेल्मेटात त्या जागी पातळ स्पंज असतो, अंगठ्याने दाबला तरी आतून कवच लागतं. दुचाकीच्या हेल्मेटला १ जून २०२१ पासून आयएसआय सक्तीचा आहे, आयएस ४१५१ हा त्याचा नंबर. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२५ मध्ये सांगितलं होतं की जूनपर्यंत देशात १७६ उत्पादकांकडे हेल्मेटचं वैध लायसन्स होतं. रस्त्यावर २१ कोटींच्या वर दुचाक्या आणि लायसन्सवाले एवढेच, म्हणजे दोरीवर टांगलेल्या प्रत्येक हेल्मेटवर जो आयएसआय छापलेला असतो तो कुठून आला याचा विचार करा. माझा धाकटा दीर कॉलेजला जातो, त्याच्या हेल्मेटचा सीएम/एल नंबर मी स्वतः टाकून बघितला आणि मगच बिलाचे पैसे दिले, तो लाजून दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला होता, राहू दे.

ऑनलाइन घेतलं की खरंच मिळतं हाही एक समज आहे. प्रेशर कुकरला १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय सक्तीचा झाला, तरी त्यानंतर ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टवरून बिनआयएसआयचे कुकर विकले गेले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दोघांना प्रत्येकी एक लाख रुपये दंड केला आणि ॲमेझॉनवरून विकलेले २,२६५ आणि फ्लिपकार्टवरून विकलेले ५९८ कुकर परत घेऊन पैसे परत करायचा आदेश दिला. एक लाख दंड हा त्या कंपन्यांच्या मानाने काहीच नाही असं माझं मत आहे, पण त्यातून एक कळतं की वेबसाइट मोठी असली तरी विकणारा दुसराच कोणीतरी असतो. त्यामुळे वस्तूच्या नावाखाली विक्रेता कोण लिहिलाय ते बघा, कंपनीच्या स्वतःच्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते का बघा, डबा उघडताना कॅमेरा चालू ठेवा आणि लेबल सगळ्या बाजूंनी दिसेल असं शूट करा. स्टार आणि रिव्ह्यू यांच्यावर मी तरी विसंबत नाही, ते विकत मिळतात.

चार्जरबद्दल दोनच गोष्टी सांगते कारण ते मी रोज उघडून बघते. चार्जरमध्ये एका बाजूला घरातली २३० व्होल्टची वीज असते आणि दुसऱ्या बाजूला मोबाईलला जाणारी पाच-नऊ व्होल्टची. या दोन बाजू एकमेकींना कधीच भिडता कामा नयेत, म्हणून मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि प्लेटवर दोन्ही बाजूंमध्ये मोकळी जागा सोडलेली असते. स्वस्त डुप्लिकेटमध्ये ही जागा कधी केसाएवढी असते, ट्रान्सफॉर्मरला धड इन्सुलेशन नसतं. त्यातलं काही बिघडलं तर २३० व्होल्ट थेट हातातल्या मोबाईलवर येतात, आणि आपली पोरं चार्जिंगला लावलेला मोबाईल कानाला लावून झोपतात. चार्जर, पॉवर बँक, एलईडी यांच्यावर बीआयएसच्या चिन्हाबरोबर आर अक्षराने सुरू होणारा आठ आकडी रजिस्ट्रेशन नंबर असतो, तोही त्याच ॲपमध्ये तपासता येतो. गॅसच्या नळीचं तर आणखी सोपं आहे, 'सुरक्षा' नावाची जी केशरी नळी मिळते ती एजन्सीकडूनच घ्यायची आणि पाच वर्षांनी बदलायची, नळीवरच तारीख छापलेली असते.

सोन्याच्या बाबतीत मात्र चांगलं चाललंय आणि ते सांगितलं पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख नंबर, असल्याशिवाय तो विकताच येत नाही. दिवाळीत जाऊबाईंना पाटल्या घ्यायच्या होत्या, सोनार आमचे पिढीजात, जाऊबाई मला दारातच म्हणाल्या, "तिथे मोबाईल काढू नकोस गं, त्यांना काय वाटेल." मी काढला. सोनारकाकांनी स्वतःच भिंग पुढे केलं, दिवा जवळ ओढला आणि म्हणाले, "बघा वहिनी, बीआयएसचं चिन्ह, हे २२ के ९१६ आणि हा नंबर, टाका." एवढ्या बारीक अक्षरात लेसरने कोरलेलं असतं की भिंगाशिवाय वाचताच येत नाही. त्याच बीआयएस केअर ॲपमध्ये नंबर टाकल्यावर कुठल्या सेंटरमध्ये हॉलमार्क झालं, शुद्धता किती, आणि मुख्य म्हणजे दागिना कुठला आहे ते दिसतं. हे शेवटचं नक्की वाचा. हातात पाटली आहे आणि ॲप अंगठी म्हणतंय तर नंबर दुसऱ्या दागिन्यावरून उचललाय. जाऊबाईंच्या दोन्ही पाटल्यांचे नंबर बरोबर जुळले, काकांनी चहा मागवला, कोणाला काही वाटलं नाही.

औषधांबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयाला पुरवलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांमध्ये औषध नव्हतंच, टॅल्कम पावडर आणि स्टार्च होतं असं पोलिसांच्या २०२४ च्या आरोपपत्रातून बाहेर आलं. सरकारी दवाखान्यात रांगेत उभं राहून गोळ्या घेणारा माणूस कुठला क्यूआर तपासणार होता? त्याला गोळ्या सुट्या कागदात मिळतात. म्हणून ग्राहकांनी जागरूक राहावं हे मी सांगतेय खरी, पण सगळा भार ग्राहकावर टाकून यंत्रणांना मोकळं सोडणं मला मान्य नाही, खरेदी करणाऱ्या खात्याने माल तपासल्याशिवाय वाटायलाच नको होता. आपल्या हातात जेवढं आहे तेवढं सांगते. जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे, स्कॅन केला की कंपनी, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, एक्स्पायरी येते, ती स्ट्रिपवरच्या छपाईशी अक्षर न् अक्षर जुळली पाहिजे. अर्धी स्ट्रिप घेताना ज्या तुकड्यावर बॅच आणि तारीख आहे तो तुकडा मागून घ्या, केमिस्ट देतात, मागावं लागतं. बिलावर बॅच नंबर असतो तोही बघा. आणि नेहमीच्या गोळीची चव, रंग, फॉइलचा जाडपणा वेगळा वाटला किंवा बीपी-शुगर अचानक हलायला लागली तर आधी डॉक्टरांना ती स्ट्रिप दाखवा.

दिल्ली पोलिसांनी मार्च २०२४ मध्ये एक टोळी पकडली, ती रुग्णालयांतून कॅन्सरच्या महागड्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या विकत घ्यायची, त्यात बुरशीवरचं औषध भरायची आणि पेशंटना विकायची. बाटली खरी, लेबल खरं, बॅच नंबर खरा. ही बातमी वाचली तेव्हा मला आमच्या दारात येणारा एक माणूस आठवला, तो नेहमीचा भंगारवाला नाही, तो फक्त कंपनीचे रिकामे खोके मागायला येतो आणि म्हणतो, "फाडू नका वहिनी, साबूत दिलेत तर किलोवर नाही, नगावर भाव देतो." नगावर भाव कशासाठी? रद्दी म्हणून पुठ्ठ्याला तेवढी किंमत कधीच येत नाही. अण्णा त्याला एकही खोकं देत नाहीत, आमच्याकडे संध्याकाळी दुकान आवरताना सगळे खोके मधोमध कापले जातात, होलोग्राम नखाने खरवडून टाकले जातात. घरी पण हेच करा, महागड्या क्रीमच्या बाटल्या, सेंटच्या बाटल्या, इंजेक्शनच्या कुप्या, तुपाचे डबे, इंजिन ऑइलचे कॅन, टाकण्याआधी लेबल फाडा, झाकण मोडा, स्ट्रिप कात्रीने कापा.

आता सरांचं पुढे काय झालं ते सांगते. त्यांच्याकडे बिल नव्हतं. अण्णा म्हणाले, तक्रार करू, १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं, आणि नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. सर गप्प. मग हळूच म्हणाले, "दुकानदार माझा विद्यार्थी आहे हो. लांबून दिसला तरी येऊन पाया पडतो. त्याच्यावर कशी तक्रार करू?" अण्णा म्हणाले, "मग तक्रार नको, आपण दोघं जाऊन त्याला हे दाखवू. त्याने अजून किती घरांत बसवलेत ते तरी कळायला नको का?"

दोघं गेले, उघडलेले दोन्ही एमसीबी वर्तमानपत्रात गुंडाळून. त्या मुलाचा चेहरा बघून सरांना वाईट वाटलं असं ते सांगत होते, कारण त्यालाही धड माहीत नव्हतं, होलसेलवाल्याने खऱ्या पेट्यांमध्ये मिसळून बिलाशिवाय दिलेला माल होता, आमच्या धंद्यात असा मिक्स माल फार चालतो. त्याने लगेच म्हटलं, उद्याच सगळा लॉट परत पाठवतो. अण्णांनी तिथेच त्याला अडवलं. परत पाठवला तर होलसेलवाला तो जाळणार आहे का, तो पाटणला जाईल, कोरेगावला जाईल, तिकडे कोणाच्या तरी बाथरूममध्ये बसेल. त्यांनी त्याच्याकडून कंपनीच्या ऑफिसला फोन लावून घेतला, माल तसाच बाजूला सील करून ठेवायला लावला, कंपनीची माणसं पोलिसांना घेऊन आली, पंचनामा झाला आणि पेट्या पोलीस ठाण्यात गेल्या. त्या मुलाने ज्या ज्या घरांत ते बसले होते त्यांची आठवेल तशी यादी काढली आणि वायरमनला घेऊन एकेका घरी जाऊन बदलून दिले, स्वतःच्या खर्चाने. ज्यांनी बिल घेतलं होतं त्यांची नावं लगेच सापडली. बाकीच्यांसाठी त्याने दुकानाबाहेर बोर्ड लावलाय आणि गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकलाय, अजूनही अधूनमधून कोणीतरी एमसीबी हातात घेऊन येतं.